पालथी निजणारी लेक

कर्जतचे डॉक्टर टांग्यात चढताना जे बोलले, ते पारूला आतल्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या ऐकू आलं.

"उद्यावर ढकलू नका. आज दुपारच्या गाडीनं कल्याणच्या दवाखान्यात न्या. बाळंतपणाचा ताप आहे, अंगात भिनलाय. इथं ठेवलीत तर हातची जाईल."

पोपटनं, तिच्या नवऱ्यानं, हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. डॉक्टर जरा थांबून म्हणाले, "तान्हीला नाही नेता येणार. बैलगाडीचे हिसके त्या गाठीला सोसायचे नाहीत. आणि आईचा ताप तिला लागला, तर दोघीही गेल्या."

टांगा निघून गेला. पारूनं मान वळवली. शेजारी गोधडीच्या घडीवर तिची लेक पालथी निजली होती. तोंड एका बाजूला, मुठी कानांशी. जन्मल्यापासून ती अशीच निजत होती. तिच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ होती, आणि त्या गाठीवरची कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसावं. पाय लुळे होते. गुदगुल्या केल्या तरी ओढून घेत नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला पारूला खरं ते सांगितलं होतं. यावर औषध नाही. गाठ फुटली की संपलं. फुटत नाही तोवर स्वच्छ ठेवा, कोरडी ठेवा.

कोरडी ठेवायची म्हणजे काय, ते एकट्या पारूला ठाऊक होतं. इतर लेकरं मुततात आणि थांबतात. हिचं थेंब थेंब गळतच राही. शीचंही तसंच, थोडी थोडी, केव्हाही. बाळुतं बदलून हात धुवावेत तोवर दुसरं ओलं. कापडाची टंचाई सगळीकडे होती. लढाई चालू झाल्यापासून दुकानात धडोतं मिळेना. पारूनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं फाडून त्याची बाळुती केली होती. उकळायची, उन्हात वाळवायची, पुन्हा वापरायची. अंगात ताप चढला तरी आजवर तिनं या बाळुत्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि आता दुपारच्या गाडीनं जायचं होतं.

"वन्सं," तिनं हाक मारली. आवाज नीट फुटेना. "वन्सं, जरा आत या. जाऊबायला बोलवा. आत्यांनाबी."

इंदूबाई, तिची नणंद, पाचवीच्या पूजेसाठी खालापूरहून आली होती आणि पारूला ताप भरला म्हणून राहिली होती. चार लेकरांची आई, हाताला उरक, तोंडाला खळ नाही. ती पदराला हात पुसत आली. मागोमाग विमल आली, थोरल्या दिराची बायको, कडेवर आपला दूधपिता पोरगा घेऊन. दिवाळीत चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून विमल आणि पारू एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण काल डॉक्टरांनी पारूचं दूध बंद करायला सांगितलं, तेव्हा विमल न बोलावता आली होती आणि पोरीला पाजून न बोलता निघून गेली होती. सासू भागूबाई उंबऱ्याशीच थांबली. ती या खोलीत आत येत नसे.

"मी जातंय," पारू म्हणाली. "हिचं कसं करायचं ते दाखवतंय. एकदाच दाखवीन. बगून घ्या."

"अगं, मला दाखवतंस?" इंदूबाई हसली. "मी चार काढलीत. पोरांचं हगनंमुतनं मला नवीन हाय का?"

"हिचं येगळं हाय, वन्सं."

पारू कोपरावर रेलून उठली. खोली फिरल्यासारखी झाली. ती थांबली, मग पुढं सरकली. "लंगोट बांदायचा नाय. कवाच नाय. गाठीवर फडक्याची गाठ आली, दोरी आली, तर कातडं जाईल. निस्ती घडी करायची आनि मांड्यांच्या मधी, गाठीच्या खाली सरकवायची. अशी. वर न्यायची नाय. शी पुसायची ती वरून खाली. खालचा हात वर गाठीकडं आनायचा नाय. पानी उकळून गार केलेलं. त्या तांब्यातलं. आडाचं नाय."

"हं."

"गाठीवर हे बारीक फडकं. हे येगळं उकळायचं, शीच्या फडक्यांत नाय. आनि हाताला साबन लावल्याबिगर ह्याला शिवायचं नाय."

"आनि न्हाऊ घालायचं?" भागूबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं. "का तेबी नाय? जन्मल्यापासून पोरीला तेल नाय, पानी नाय. पायांवर घालून चार तांबे ओतले असते तर अंग तरी भरलं असतं. आमी काय जनावरं वाढवली?"

"आत्या, पायांवर घेतली तर गाठ दबंल."

"दबंल तर दबंल. दबून बसंल तर बरंच हाय."

पारूनं डोळे मिटले. "आत्या, ती फोडासारखी गाठ नाय. डाक्टर म्हनले, ती पाठीच्या मनक्यातून आलेली हाय. तिच्यातलं पानी म्हंजे तिचा जीव हाय."

भागूबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की डॉक्टर काय, परका माणूस, टांग्यातून येतो आणि टांग्यातून जातो.

"आन हिकडं, मी करून दाखवतंय," इंदूबाई म्हणाली, आणि तिनं हात धुतले. पारू डोळ्यांत प्राण आणून बघत होती. इंदूबाईनं ओलं बाळुतं अलगद ओढून काढलं, वरून खाली पुसलं, तांब्यातलं पाणी घेतलं, हिरव्या लुगड्याची कोरडी घडी बरोब्बर गाठीच्या खाली सरकवली. पोर कुरकुरलीसुद्धा नाही. पारूला इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं.

"वन्सं, तुमीच कराल ना? दुसऱ्या कुनाला देनार नाय ना?"

"माझ्याबिगर कोन करनार? तू निर्धास्त जा."

विमल तेवढ्यात पोरगा दुसऱ्या कडेवर घेऊन वळली. "मी पाजीन," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "बाळुत्याचं मला सांगू नका." आणि गेली.

सदू, थोरला दीर, बैल जुंपायला खळ्याकडे गेला. पोपट कुठं होता कोण जाणे. पोर जन्मली त्या दिवशी त्यानं एकदा दारातून बघितलं होतं. तेव्हापासून तो पावरहाऊसच्या पाळीवरून आला की ओसरीवर बसे, जेवे, निजे आणि पुन्हा पाळीवर जाई. भिवपुरीच्या त्या मोठ्या यंत्रांशी त्याचं चांगलं जमे, असं सगळे म्हणत. आपल्या लेकीकडं बघायचं मात्र त्याला जमलं नव्हतं.

पारूला गुंगी आली. डोळा लागला असावा. जाग आली ती न्हाणीकडच्या भिंतीपलीकडून येणाऱ्या बोलण्यानं. भिंत कुडाची, सारवलेली. पलीकडचा शब्दन् शब्द अलीकडे यायचा.

"बुधाजीला सांगावा धाडलाय," भागूबाई सांगत होती. "ही गेली की संध्याकाळला येतो म्हनला. तापल्या सुईनं टोचून पानी काढतो. गुरांच्या कितीतरी गाठी उतरवल्यात त्यानं."

"मानसाचं काढलंय का?" हा आवाज इंदूबाईचा.

"न काढायला काय झालं? पानीच हाय ते."

"आनि गेली तर?"

भांडं घासल्याचा आवाज येत राहिला. मग भागूबाई म्हणाली, "इंदे, तू बगितलंस ना तिचे पाय? चालनार हाय का ती कवा? मुताचं भान नाय, हगल्याचं भान नाय. आपन काय जन्माला पुरनार हाव? आपल्या मागं ह्या पोरीचं कोन करंल? पारू करंल, मान्य. आनि पारू गेली तर? आज चाललीच हाय ना ती."

पारूनं कान भिंतीकडे केला.

"खरं हाय तुझं, आये," इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मलाबी बगवत नाय. येऊ दे बुधाजीला. मी हात धरीन."

पारू पडून राहिली. त्यांचा राग आला असता तर सोपं गेलं असतं. पण इंदूबाईच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तिला पोरीची दया आली होती. त्या दयेपुढं उकळलेलं पाणी, वरून खाली पुसणं, वेगळं फडकं, सगळंच फुकट होतं. सांगण्यासारखं होतं ते पारूनं सगळं सांगितलं होतं, आणि इंदूबाईनं ते सगळं नीट शिकून घेतलं होतं.

पाजायची वेळ झाली तेव्हा विमल आली. पारूनं तिचा पदर धरला.

"जाऊबाय, बुधाजी येनार हाय."

"ठाव हाय."

"तुमी थांबवा त्याला."

विमलनं पोरीला उचललं, काल पारूनं हातानं दाखवलं होतं तसंच, पोट आपल्या छातीशी, तळहात गाठीपासून दूर, मानेखाली. पोर पिऊ लागली. "मी कोन थांबवनार?" विमल म्हणाली. "आत्यांपुढं माझं काय चालतंय? दिवाळीत चुलीवरनं भांडान झालं, तवा माझ्या बाजूनं कोन बोललं होतं? तू बोललीस?"

पारू बोलली नव्हती. तिला तो दिवस चांगला आठवत होता.

"मी दूध देतंय ते पोरीसाठी," विमल म्हणाली. "तुज्यासाठी नाय. माझ्या पोराला बाधंल म्हनून माझी आई सांगून गेली, तरी देतंय. यापरीस मला जमनार नाय."

अंगणात गाडी येऊन उभी राहिली. गाडीत पेंढा पसरून त्यावर घोंगडी घातलेली होती. सदूनं आत येऊन विचारलं, "निघायचं ना?" इंदूबाईनं पारूला धरून उठवलं, उंबऱ्यापासून भागूबाईनं दुसरी बाजू धरली. दोघींनी तिला ओसरीवर आणलं. पोपट पायरीवर उभा होता, डोक्याला मुंडासं, खांद्यावर वळकटी. तो तिच्याबरोबर कल्याणला निघाला होता.

आजवर पारू सासूदेखत, दिरादेखत नवऱ्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. तिला त्याच्याकडून काही हवं असलं की ती दुसऱ्या कुणाला तरी सांगे. ती ओसरीवर मटकन खाली बसली आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलली.

"तुमी येऊ नका. तुमी हितं ऱ्हावा."

सगळे थबकले.

"मला थोरले भावजी नेतील. तुमी पोरीपाशी ऱ्हावा. मी परत येईस्तोवर तिला दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायची नाय. तुमच्या आईच्याबी नाय. वन्संच्याबी नाय. बुधाजी येनार हाय सुई घेऊन. त्याला दारातून परत लावा."

"काय बोलतेस पारे!" भागूबाई ओरडली. "तापानं डोकं फिरलं काय? बापई मानूस बाळुती धुनार? गाव तोंडात शेन घालंल!"

पोपटचा चेहरा उतरला होता. "माझी पाळी हाय," तो पुटपुटला. "खाडा झाला तर..."

"होऊ दे खाडा." पारूला दम लागला होता. "अवो, मी परत येईन का नाय ठाव नाय. मी मेले तर दुसरी करा, माजं कायबी म्हननं नाय. पन पोर जिती हाय तवर तिला टोचू देऊ नका. तिला जाऊ द्यायची तर तिच्या वेळंला जाऊ दे. कुनाच्या हातानं नको. एवढंच मागतंय."

भागूबाईनं पोपटचा दंड धरला. "चल, गाडीत बस. हिचं ऐकू नको."

तेव्हा मागून विमलचा आवाज आला. ती पोरीला उराशी धरून दारात उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"आत्या, दूध माझं हाय," ती म्हणाली. "भावजींनी हिला माझ्या हातात आनून दिली तर मी पाजीन. दुसऱ्या कुनी आनली तर नाय पाजनार. मंग बोलवा कोनाला बोलवायचं ते."

सदू बायकोकडे बघतच राहिला. भागूबाईनं एकदा मोठ्या सुनेकडे, एकदा धाकट्या सुनेकडे बघितलं. इंदूबाईनं मान खाली घातली. पोपटनं खांद्यावरची वळकटी हळूच पायरीवर ठेवली.

"काय करायचं ते सांग," तो म्हणाला.

मग अंगणात बैल ताटकळत उभे असताना, शेजारपाजार कुंपणावरून बघत असताना, पारूनं नवऱ्याला बाळुतं बदलायला शिकवलं. त्यानं हात धुतले तरी नखांतलं मशिनीचं काळं जाईना. ते तिनं पुन्हा धुवायला लावले, काथ्यानं घासायला लावले. पोरीला समोर घेतल्यावर त्यानं पहिल्यांदा ती गाठ नीट बघितली, आणि त्याच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. घडी दोनदा चुकली. पुसताना तो खालून वर जाऊ लागला, तेव्हा पारूनं त्याचं मनगट धरलं.

"वरून खाली."

"वरून खाली," तो म्हणाला.

"आनि पालथीच. निजताना, पिताना, कवाबी. उतानी नाय."

"नाय."

इंदूबाईच्या हातांना जे एका दमात जमलं होतं, ते त्याला जमायला इतका वेळ लागला की सदूनं दोनदा उन्हाकडे बघितलं. पण पारूनं घाई केली नाही. गाडी वालाच्या शेतांमधून स्टेशनच्या वाटेला लागली तेव्हा तिनं मान उचलून मागं बघायचा प्रयत्न केला. ओसरीवर पोपट ओणवा बसला होता, आणि त्याच्यापासून जरा लांब, खांबाला टेकून, भागूबाई त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

कल्याणच्या दवाखान्यात किती दिवस गेले ते पारूला कळलं नाही. तापात दिवसरात्र एक झाले होते. शुद्ध आली तेव्हा सुयांनी दंड सुजलेले होते आणि दूध आटलं होतं. नर्सबाई म्हणाली, वाचलीस. पारूनं तिला विचारलं, घरून कुणी आलं होतं का? कुणी आलं नव्हतं. सदू सोडून गेला तो गेलाच.

मग एका सकाळी पोपट आला. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा मळलेला. तो खाटेजवळ उभा राहिला. पारूनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला विचारायची गरज उरली नाही.

"कवा?" ती म्हणाली.

"परवा. सकाळच्याला."

"बुधाजी..."

"नाय. दारातून परत लावला. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा बोलवला, तवाबी परत लावला. कुनाला हात लावू दिला नाय." तो भराभर बोलू लागला, जणू तिनं आळ घेतला होता. "मीच करत होतो. रातीबी उठून बगत होतो. फडकी उकळत होतो. गाठीची येगळी, शीची येगळी. वहिनी पाजायची, मीच नेऊन द्यायचो. इंदी दुसऱ्याच दिवशी खालापूरला गेली, जाताना काय बोलली नाय. आई माझ्याशी बोलत नाय."

"मंग कशानं?"

"कशानं नाय." तो म्हणाला. "आपोआप. मी बाळुतं बदलत होतो. बगतो तर फडकं भिजलेलं. म्हटलं, मुतली. पन ते पानी येगळं होतं. गाठ खाली बसली होती. दबली नव्हती, पारू. कायबी लागलं नव्हतं. कोरड्या घडीवर पालथी निजली होती. मंग ताप भरला, फेफरं आलं. डाक्टर येऊन गेले. म्हनले, असंच व्हनार होतं."

दवाखान्यात पडल्या पडल्या पारूनं मनात सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या. भागूबाईला, इंदूबाईला, बुधाजीला. पोपटच्या काळ्या नखांनाही. पोर गेल्याची बातमी येईल, तेव्हा त्यांतल्या कुणाचं तरी नाव तिच्याबरोबर येईल, असं तिनं धरून ठेवलं होतं. आता कुणाचंच नाव आलं नव्हतं. सांगितलं तसं सगळं झालं होतं, आणि पोर गेली होती.

"आंघोळ कुनी घातली?" तिनं विचारलं.

"मी. आई पुढं आली होती. पहिल्यांदाच आत आली. मी दिली नाय. मंग ती पानी ओतत होती, मी धरून होतो."

"आत्या?"

"हां. रडत होती."

पारू छताकडे बघत राहिली. शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, आणि नर्सबाई घाईघाईनं तिकडं गेली.

"मातीत ठेवताना," पारू म्हणाली, आणि थांबली.

पोपट खाली बघत होता. "सदूदादा म्हनला, आता उतानी ठेव, तोंड वर कर, सगळ्यांना तसंच ठेवतात. माझ्यानं नाय झालं. मी कुशीवर ठेवली."

तो खाटेच्या कडेवर बसला. चार माणसांत तो तिच्याजवळ असा कधी बसला नव्हता. पारूनं त्याचा हात हातात घेतला. साबणानं आणि उकळत्या पाण्यानं बोटांची सालं निघाली होती, भेगांतून लाल दिसत होतं. तिनं तो हात घट्ट धरला, इतका घट्ट की त्याला दुखलं असेल. मग दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली. नर्सबाई तान्ह्याला खांद्यावर घेऊन वळली, या दोघांकडे बघून क्षणभर थांबली, आणि पडदा ओढून निघून गेली.